शेजारच्या खुर्चीतला माणूस

केमोच्या दिवशी फाइल नवऱ्याच्या हातात असते. तीत बायोप्सीचा रिपोर्ट, मॅमोग्राफीची फिल्म, रक्ताच्या तपासण्या, विम्याचे मंजुरीपत्र, आधार कार्डाच्या झेरॉक्स. नाव पुकारले की दोघे उठतात, आत जातात. डॉक्टर तिला विचारतात, उलट्या किती झाल्या, ताप आला का, जेवण जाते का. त्याला विचारतात, पैसे भरले का, पुढची तारीख लिहून घेतली का. दहा मिनिटांत दोघे बाहेर. तो रात्री झोपतो का, ती त्याच्याशी काय बोलते आणि काय बोलायचे टाळते, हे विचारायला त्या दहा मिनिटांत जागा नसते.

रावेतसारख्या उपनगरात ही उणीव अधिक टोचते. पवनेकाठचे हे गाव बघता बघता टॉवरांचे झाले. एका अंगाला हिंजवडी, दुसऱ्या अंगाला तळेगाव आणि चाकण, शेजारी किवळ्याला मुंबईचा द्रुतगती महामार्ग. इथल्या घरांत विदर्भातून, मराठवाड्यातून, खानदेशातून नोकरीसाठी आलेली कितीतरी जोडपी आहेत. दोघांचे पगार, एक गृहकर्ज, सासू-सासरे गावी. आजार येतो तेव्हा घरात मोठी माणसे दोनच असतात. त्यातले एक आजारी पडले की दुसऱ्याने शुश्रूषाही करायची, स्वयंपाकही, मुलांचा अभ्यासही, आणि महिन्याच्या ठरल्या तारखेला हप्ताही भरायचा.

स्तनाच्या कर्करोगावरचे उपचार गेल्या तीन-चार दशकांत खूप पुढे गेले. त्या उपचारांतून जाणाऱ्या जोडप्याला मनाचा आधार कोण देते, तो कसा द्यावा आणि दिल्याने काय होते, याचाही बराच अभ्यास जगात झाला आहे. तो अभ्यास पिंपरी-चिंचवडच्या जोडप्यापर्यंत किती पोहोचला, हे पाहण्यासारखे आहे.

आकड्यांमागचे वय

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे २३ लाख स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाला आणि ६ लाख ७० हजार दगावल्या. भारतात त्या वर्षी नव्या रुग्णांची संख्या सुमारे १ लाख ९२ हजार होती आणि मृत्यू ९८ हजारांच्या घरात होते. गाठ उशिरा दाखवली जाते आणि उपचार अर्धवट सुटतात, त्याची किंमत या दोन आकड्यांत दिसते. पुण्याच्या कर्करोग नोंदणीत स्त्रियांमध्ये स्तनाचाच कर्करोग पहिल्या क्रमांकावर आहे.

भारतीय स्त्रीला हा आजार पाश्चात्त्य देशांतल्या स्त्रीपेक्षा साधारण दहा वर्षे आधी गाठतो. तिकडे मुले मोठी होऊन बाहेर पडलेली असतात. इकडे मुलगी सातवीत असते, मुलगा अजून आईच्या कुशीत झोपतो, फ्लॅटची पंधरा वर्षे फेडायची असतात, आणि नवरा-बायको म्हणून दोघांचे शरीराचे नाते पुरते जिवंत असते. म्हणून इथे पती-पत्नींना आधार देण्याचा प्रश्न आजाराच्या गाभ्यातलाच आहे.

‘मिसेसना सांगू नका’

आपल्याकडचा पहिला अडसर रिपोर्ट हातात पडतो त्या क्षणीच उभा राहतो. नवरा, दीर किंवा भाऊ आधी एकटाच केबिनमध्ये शिरतो आणि म्हणतो, ‘डॉक्टर, मिसेसना एवढ्यात सांगू नका, त्या खचतील.’ तिला सांगितले जाते की साधी गाठ आहे, काढून टाकू. पण वॉर्डातल्या शेजारच्या खाटेवरच्या बाईचे केस गेलेले असतात, आणि इमारतीच्या पाटीवर कर्करोग विभाग असे लिहिलेले असते. तिला कळते. आपल्याला कळले आहे हे ती दाखवत नाही, कारण नवरा खचेल. दोघेही एकच गोष्ट जाणतात आणि एकमेकांसमोर अजाण राहतात.

यात प्रेमच असते, हे मान्य करूनच पुढे जावे लागते. आयआयटी हैदराबादमधील मानसशास्त्रज्ञ महती चित्तेम यांनी भारतीय रुग्णांना निदान कसे सांगितले जाते, का लपवले जाते आणि त्यात कुटुंब काय भूमिका घेते, यावर बरेच काम केले आहे. अमेरिकेत जेम्स कॉइन आणि डेव्हिड स्मिथ यांनी १९९१ मध्ये हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांच्या पत्नींचा अभ्यास केला. नवऱ्याला त्रास नको म्हणून ज्या आपली काळजी गिळत होत्या, त्या स्वतः अधिक त्रासात होत्या. कर्करोगाच्या जोडप्यांवरच्या पुढच्या अभ्यासांतही हेच पुन्हा पुन्हा दिसले. लपवणाऱ्याचे ओझे वाढते, आणि ज्याच्यासाठी लपवायचे तो एकटा पडतो.

‘काही होत नाही, सगळे बरे होईल’ हे वाक्यही असेच. तिला रात्री दोन वाजता म्हणायचे असते की मला भीती वाटते, मी गेले तर पोरीचे कसे होईल. ‘असे अभद्र बोलू नकोस’ म्हणून तो तिथेच थांबवतो. तिने आशा सोडावी असे कोणीच म्हणत नाही. तिला ती भीती कोणाजवळ तरी पुरी बोलून टाकायची असते, आणि जवळचा माणूस तोच असतो.

आजार ‘आमचा’ कधी झाला

कर्करुग्णाच्या मनाकडे वैद्यकशास्त्राने पद्धतशीर पाहायला सुरुवात केली ती न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग रुग्णालयात. जिमी हॉलंड या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९७७ मध्ये तिथे स्वतंत्र मानसोपचार सेवा उभी केली. १९८४ मध्ये या विषयाची आंतरराष्ट्रीय संघटना झाली. आपल्याकडे बंगळुरूच्या निम्हान्समध्ये डॉ. संतोष चतुर्वेदी यांच्यासारख्यांनी हा विषय लावून धरला. या सगळ्यात सुरुवातीला लक्ष होते ते रुग्णावरच. नवरा ‘सोबत आलेला’ होता.

ते चित्र बदलायला जोडप्यांचे अभ्यास कारणीभूत झाले. स्वित्झर्लंडचे गी बोडेनमान यांनी १९९० च्या दशकात मांडले की ताण दोघांमध्ये फिरत असतो. एकाची चिडचिड दुसऱ्याचे मौन होते, आणि ते मौन पुन्हा पहिल्याचा एकटेपणा वाढवते. कॅरन केसर आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये स्तनाच्या कर्करोगाला ‘आमचा आजार’ म्हणणारी आणि ‘तिचा आजार’ म्हणणारी जोडपी शेजारी ठेवून पाहिली. मारिएट हॅगडॉर्न यांनी २००८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून दाखवले की पती-पत्नींचा त्रास एकमेकांशी बांधलेला असतो, आणि रुग्ण कोणीही असो, स्त्रीचा मानसिक त्रास सरासरीने अधिक असतो. रुग्ण असलेल्या नवऱ्याची सेवा करणारी बायको त्याच्याहून जास्त पोळलेली असू शकते.

मग कर्करोगाने संसार मोडतात का? या प्रश्नावर बातम्या फार होतात, उत्तर मात्र एका ओळीत देता येत नाही. २००९ मध्ये मायकेल ग्लँट्झ आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील ५१५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्यात मेंदूची गाठ, इतर कर्करोग आणि मल्टिपल स्क्लेरोसिसचे रुग्ण होते. रुग्ण स्त्री असेल तेव्हा जोडप्यांपैकी सुमारे २१ टक्के विभक्त झाली, रुग्ण पुरुष असेल तेव्हा ३ टक्क्यांहूनही कमी. हा फरक सुन्न करणारा आहे. पण डेन्मार्कमध्ये २००७ च्या एका मोठ्या नोंदणी-आधारित अभ्यासात स्तनाच्या कर्करोगानंतर घटस्फोट वाढल्याचे दिसले नाही. कॅनडात मिशेल डोर्व्हाल यांच्या २००५ च्या अभ्यासात ४२ टक्के जोडप्यांत दोघांनीही सांगितले की या आजाराने आम्ही जवळ आलो.

डोर्व्हाल यांच्या अभ्यासातला एक तपशील इथल्या घरांना उपयोगी आहे. कोणती जोडपी जवळ आली? पहिल्या दोन आठवड्यांत ‘आता या आजाराला कसे सामोरे जायचे’ हे ज्या नवऱ्यांनी आपल्या बायकोलाच विचारले, जे शस्त्रक्रियेच्या दिवशी सोबत गेले, आणि ज्यांची माया तीन महिन्यांनंतरही तिला जाणवत राहिली, त्यांची.

आपल्याकडे घटस्फोटाच्या आकड्यांतून फारसे काही कळत नाही. इथे तुटणे कोर्टापर्यंत जातेच असे नाही. ‘बरे वाटेपर्यंत माहेरी राहा’ असे म्हणून ते सुरू होते. खर्च भावाने करायचा, डबा बहिणीने आणायचा, आणि नवरा फोनवर. असे घडते तेव्हा माहेर धावून येते, हे आपल्या समाजाचे बळ आहे. पण त्या बाईच्या मनात उपचारापेक्षा मोठा प्रश्न घर करून बसतो, की आपण परत जाणार कुठे.

हात आखडतो तेव्हा

स्तन हा अवयव काढला जातो किंवा त्याचा आकार बदलतो, तेव्हा त्याचा नात्यावर काय परिणाम होतो, हे आपल्या ओपीडीत क्वचित बोलले जाते. शस्त्रक्रियेनंतर नवरा स्पर्श करायला कचरतो. टाके दुखतील, आपल्याकडून काही इजा होईल, अशी त्याला भीती असते. तिला वाटते, त्याला आता किळस येते. दोघेही विचारत नाहीत. काही दिवसांनी एक जण हॉलमध्ये झोपू लागतो, ‘तिला नीट झोप लागावी म्हणून’.

औषधांचाही यात वाटा असतो. केमोमुळे पाळी अकाली थांबू शकते. टॅमॉक्सिफेनसारखी गोळी पाच वर्षे, काहींना दहा वर्षे घ्यावी लागते. अंगातून वाफा येतात, योनीमार्ग कोरडा पडतो, संबंध दुखतात, इच्छा मावळते. पाण्याचा अंश असलेले वंगण वापरता येते, केमो चालू असताना गर्भ राहू नये म्हणून निरोध वापरायला हवा, कर्करोग स्पर्शाने किंवा संबंधाने लागत नाही, ही माहिती पाच मिनिटांची आहे. ती न मिळाल्याने कित्येक घरांत वर्षानुवर्षे अबोला राहतो. मूल व्हायचे बाकी असेल तर केमोपूर्वीच बीजांडे किंवा भ्रूण गोठवण्याचा विचार करावा लागतो. तो प्रश्न दोघांना एकत्र बसवूनच विचारावा लागतो, आणि त्याला वेळ फार थोडा असतो.

निम्हान्समधील संशोधकांनी स्तनाच्या कर्करोगातून बाहेर आलेल्या स्त्रियांशी शरीराची प्रतिमा आणि लैंगिकता यांवर सविस्तर बोलून २०१७ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. भारतीय स्त्रिया या विषयावर बोलत नाहीत हा समज बऱ्याच अंशी चुकीचा आहे. कोणी नीट विचारले की त्या बोलतात. विचारायचे कसे, याची एक साधी पायरी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॅक ॲनन यांनी १९७६ मध्ये घालून दिली. आधी बोलायला परवानगी द्या, मग थोडी माहिती, मग नेमका सल्ला, आणि गरज असेल त्यांनाच सविस्तर उपचार. पहिल्या दोन पायऱ्या परिचारिकाही चढू शकते. ‘या काळात पुष्कळ जोडप्यांना जवळ येताना अडचण वाटते, तुम्हाला काही विचारायचे आहे का?’ या एका वाक्यात पहिली पायरी पुरी होते.

लेखिका-दिग्दर्शिका ताहिरा कश्यप यांना २०१८ मध्ये हा आजार झाला. त्या वर्षी उपचारांमुळे त्यांना करवा चौथचा उपवास करता येत नव्हता, तो त्यांचे पती, अभिनेते आयुष्मान खुराना यांनी केला. पुढच्या वर्षी ४ फेब्रुवारीला, कर्करोग दिनी, ताहिरांनी पाठीवरचा व्रण दाखवणारे छायाचित्र जाहीर केले. वटपौर्णिमेला वडाभोवती दोरा गुंडाळणाऱ्या समाजाला उलट दिशेने धरलेल्या या उपवासाचा अर्थ वेगळा सांगावा लागला नाही.

काय उपयोगी पडते

जोडप्यांसाठीच्या आधाराचा सर्वात नावाजलेला प्रयोग शेरॉन मॅन यांचा. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत सुरुवातीच्या टप्प्यावरच्या २३८ स्त्रिया होत्या. काहींना नेहमीचेच उपचार मिळाले. काहींना नवऱ्यासह गटात सहा बैठका मिळाल्या, दर बैठक दीड तासाची. तिथे श्वास आणि विश्रांतीचे सराव होते, एकाने बोलायचे आणि दुसऱ्याने मध्ये न बोलता ऐकायचे असे धडे होते, स्पर्शाकडे हळूहळू परतण्याचे उपाय होते. बैठकांना गेलेल्या स्त्रियांमध्ये नैराश्याची लक्षणे कमी राहिली. ज्यांचे नवरे आधी फारशी साथ देत नव्हते, त्यांना लाभ अधिक झाला.

लॉरेल नॉर्थहाउस यांनी आजार उलटलेल्या स्त्रिया आणि त्यांची काळजी घेणारे आप्त यांच्यासाठी घरी जाऊन आधार देण्याचा कार्यक्रम केला. तीन महिन्यांनी रुग्णांची हताशा कमी झाली होती, सहा महिन्यांनी तो परिणाम ओसरला. जोडप्यांवरच्या अशा सगळ्या प्रयोगांचे होडा बद्र आणि पॉल क्रेब्स यांनी २०१३ मध्ये एकत्र मोजमाप केले. फायदा दोघांनाही होतो, पण तो लहान असतो, असा त्याचा निष्कर्ष. सहा बैठकांनी संसार नव्याने उभा राहत नाही. आधार एकदा देऊन भागत नाही, तो उपचारांच्या टप्प्यांबरोबर पुन्हा पुन्हा द्यावा लागतो. निदानाच्या आठवड्यात माहिती लागते. केमोच्या मधल्या महिन्यांत दमलेल्या नवऱ्याला उसंत लागते. उपचार संपल्यावर, नातेवाईक ‘आता झाले’ म्हणून घरी गेल्यावर, पुन्हा उलटेल का या भीतीसाठी सोबत लागते. ही शेवटची वेळ सर्वांत दुर्लक्षित आहे.

एक अपवाद स्पष्ट सांगायला हवा. ज्या घरात मारहाण आहे किंवा बाईला धाक आहे, तिथे दोघांना एका खोलीत बसवून ‘मन मोकळे करा’ म्हणणे धोक्याचे ठरते. म्हणून पहिली भेट तिच्याशी एकटीशीच व्हायला हवी. आणि जिला नवरा नाही, किंवा असून नसल्यासारखा आहे, तिच्या शेजारच्या खुर्चीत बहीण, मुलगी किंवा मैत्रीण असते. आधाराच्या योजनेत ती खुर्ची तिच्यासाठीही असली पाहिजे.

पवनेपासून वारज्यापर्यंत

या भागात उपचारांची वानवा नाही. पिंपरीत महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, ज्याला सगळे वायसीएम म्हणतात. शहरात मोठी खासगी रुग्णालये आहेत. द्रुतगती मार्गाने परळचे टाटा रुग्णालय गाठता येते, जे १९४१ पासून देशभरच्या रुग्णांचे ठिकाण आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेने शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन यांचा भार बराच हलका केला.

मनाच्या आधाराची साखळी मात्र तुटक आहे. मुंबईत वंदना गुप्ता यांनी स्वतःच्या कर्करोगानंतर १९९४ मध्ये व्ही केअर ही संस्था सुरू केली. रुबी अहलुवालिया यांनी स्तनाच्या कर्करोगातून उठून २०१२ मध्ये ‘संजीवनी’ उभी केली. पुण्यात प्रशांती कॅन्सर केअर मिशन आहे, स्तनाच्या कर्करुग्ण स्त्रियांचा ‘आस्था’ हा आधारगट आहे. या आजारातून गेलेल्या बाईने नव्या बाईला ‘माझेही केस गेले होते, बघ, आले’ असे सांगणे कोणत्याही गोळीहून मोलाचे. मात्र असे गट बहुतेक बायकांचे असतात. नवरा गाडीत बसून वाट पाहतो.

रावेतवरून जाणारा बाह्यवळण महामार्ग जिथे वारज्याला पोहोचतो, तिथे १९९७ पासून सिप्लाचे परिहार सेवा (पॅलिएटिव्ह केअर) केंद्र आहे. सेवा विनामूल्य आहे, आणि रुग्णासोबत घरचे माणूस तिथे राहू शकते. समुपदेशनात त्या माणसालाही धरले जाते. अनेकांना वाटते की तिथे शेवटी जायचे. पण वेदना, झोप, भीती, घरातला संवाद यांसाठी परिहार सेवेचा उपयोग निदानापासूनच असतो, ही समजूत अजून रुजायची आहे.

१० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली टेली-मानस ही मानसिक आधाराची दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते. रात्री दोनच्या त्या भीतीसाठी तो क्रमांक फाइलच्या पहिल्या पानावर असायला हरकत नाही.

आणि वेळेचे काय? या पट्ट्यात अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, हिंजवडीच्या कंपन्यांची शनिवार-रविवारी. नवरा चाकणला आणि बायको हिंजवडीला असेल तर दोघांची सुट्टी एका दिवशी येतच नाही. तो कधी फर्स्ट शिफ्टला, कधी नाइटला. कर्मचारी राज्य विमा योजनेत विमाधारक कामगार स्वतः कर्करोगाने आजारी असेल तर दोन वर्षांपर्यंत ८० टक्के वेतन मिळू शकते. त्याच्या बायकोवर उपचारही होतात. पण आजारी बायकोजवळ बसायला त्याला खास पगारी रजा देणारी तरतूद नाही. कंत्राटी कामगाराचा तर खाडा म्हणजे त्या दिवसाचा पगार गेला. केमोला तो सोबत आला नाही, याचा अर्थ त्याला काळजी नाही असा घेण्याआधी त्याची हजेरी पाहायला हवी.

तज्ज्ञ कमी आहेत ही अडचण खरी, पण तिच्यावर मार्ग शेजारच्या गोव्यात निघाला आहे. ‘संगत’ या संस्थेने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसशास्त्राची पदवी नसलेल्या समुपदेशकांना शिकवून तयार केले. नैराश्याच्या रुग्णांबरोबर त्यांनी सहा ते आठ बैठका घेतल्या, आणि त्याचा चांगला परिणाम २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. हेच काम कर्करोगाच्या जोडप्यांसाठी, मराठीत, इथल्या बोलीत करता येईल. त्यासाठी मोठी इमारत लागत नाही. केमोच्या वॉर्डाशेजारी एक बंद दाराची खोली, शिकवून तयार केलेली एक बाई किंवा बुवा, आणि गुरुवारी दुपारी तसेच शनिवारी असे दोन वार पुरेत.

अशा खोलीत कामाची सुरुवात एका कागदापासून होऊ शकते. अमेरिकेतल्या कर्करोग केंद्रांनी मनाचा ताप मोजायला एक थर्मामीटर काढले आहे. कागदावर शून्य ते दहा आकड्यांची उभी पट्टी, गेल्या आठवड्यात किती त्रास झाला तिथे खूण करायची. चार किंवा त्यापुढे गेले तर अधिक विचारपूस करायची. हा कागद सहसा रुग्णाला देतात. इथे दोन कागद द्यावेत, दोन पेन्सिली द्याव्यात, आणि एकमेकांचा आकडा न पाहता खुणा करायला सांगाव्यात. मग दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवावेत. तिची खूण चारवर असेल आणि त्याची आठवर, तर त्या दिवशी पहिला प्रश्न फाइल धरून बसलेल्याला विचारावा.